वीज वरून जाते

कट्ट्यावरच्या गप्पांत ठिणगी टाकली वकिलानं. "शहरं म्हणजे बांडगुळं. स्वतः काही पिकवत नाहीत, दुसऱ्याच्या झाडावर चढून रस पितात. आधी पाणी, मग वीज."

त्याला वकील म्हणतात ते भांडायच्या हौसेपायी, कोर्टाची पायरी त्यानं कधी चढलेली नाही. तारवाला मात्र खरोखरच लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे कुठं किती वीज पाठवायची ते सांभाळणाऱ्या केंद्रात, शिफ्ट करतो, त्यामुळे ते त्याला लागलं.

"एका इमारतीत शंभर घरं असली की माणशी तार कमी लागते, इंधन कमी लागतं. तीच शंभर घरं माळावर विखरून टाक, मग बघ किती जाळतात ते."

"माणशी सोड. शहराच्या हद्दीत वीज किती तयार होते ते सांग."

इथं तारवाला जरा अडखळला. "वीस मजल्यांना छप्पर एकच असतं," त्यानं कबूल केलं. "त्यावर पॅनल टाकून सगळ्यांचं भागत नाही. शहर उंच वाढलं की वीज बाहेरून आणावीच लागते."

मास्तरांनी इतिहास काढला. काढणारच होते. पूर्वी वीजघरं शहरातच असायची, लंडनचं बॅटरसी थेट थेम्सच्या काठावर. कोळसा बोटीतून यायचा, धूरही लंडनकरच खायचे. 1983 साली ते बंद पडलं. "ऊर्जा तेव्हाही बाहेरूनच येत होती. बोटीऐवजी तारेतून यायला लागली आणि धूर खाणीपाशीच राहिला, एवढाच फरक." मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात टोचणारं वाक्य हेच.

तारवाल्यानं विटेचा तुकडा उचलून कट्ट्यावरच आकडेमोड मांडली. तेवढीच वीज न्यायची आणि दाब, म्हणजे व्होल्टेज, दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतली तूट पावपट. म्हणून अंतर वाढलं की दाब चढवायचा. 1891 साली लाउफेनहून फ्रँकफुर्टला 175 किलोमीटर वीज नेली तेव्हा जग थक्क झालं होतं. आज चीनमध्ये शिनजियांगहून पूर्वेकडे 11 लाख व्होल्टची डीसी लाइन (बॅटरीतल्यासारखी, हेलकावे न घेणारी वीज) सुमारे 3,300 किलोमीटर जाते.

"म्हणजे नळी लांब झाली," वकील म्हणाला.

"नळी दोन्हीकडून वाहते!" तारवाला उसळला. "अमेरिकेत कोलंबिया नदीपासून लॉस एंजेलिसपर्यंत 1970 पासून डीसी लाइन आहे. उन्हाळ्यात दक्षिणेत एअर कंडिशनर चालतात, तेव्हा उत्तरेची जलविद्युत खाली येते. थंडीत उत्तरेत हीटर लागतात, तेव्हा वीज उलटी वर पाठवता येते. ह्याला शोषण म्हणतोस? ही सरळसरळ उसनवारी आहे."

मला वाटलं वकील गप्प होणार. पण त्यानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. "ती लाइन मध्ये नेवाडा राज्यातून जाते ना? तिथं किती उतरते?"

तारवाला विटेचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. शून्य, हेच खरं उत्तर. डीसी लाइनीला मध्येच ट्रान्सफॉर्मर लावून फाटा काढता येत नाही. डीसीचं एसी, म्हणजे आपल्या घरात येते तसली हेलकावे घेणारी वीज, करणारं अख्खं कन्व्हर्टर स्टेशन बांधावं लागतं, आणि विरळ वस्तीसाठी एवढा खर्च कोण करणार? टॉवरचे पाय ज्याच्या जमिनीत, त्याला त्या तारेचा उपयोग सावलीपुरता. तीही धड पडत नाही.

"वाटेवरच्यांचं सोडा, उगमावरच्यांचं बघा," मास्तर म्हणाले आणि इताइपूवर आले. पाराना नदीवरचं धरण ब्राझील आणि पॅराग्वेचं, वीज निम्मी निम्मी. पॅराग्वेला एवढी लागतच नव्हती. 1973 च्या करारात ठरलं, उरलेली ब्राझीललाच द्यायची. पॅराग्वेची यंत्रं 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, ब्राझीलचं ग्रिड 60 चं; दोन्ही थेट जोडता येत नाहीत. म्हणून ती वीज डीसी करून सुमारे 800 किलोमीटरवर साओ पावलोच्या बाजूला नेली. "पण आता पॅराग्वेतलीही मागणी चढतेय. त्यांनी आपला वाटा घरीच वापरायचा म्हटला तर?"

"तर साओ पावलोनं दुसरीकडून आणावी," तारवाला म्हणाला.

"कुणाच्या शेतावरून?" वकिलानं विचारलं.