कंद पुरण्याचे दिवस

रोप लावलं की निदान रोप तरी दिसतं. वसंतात फुलणाऱ्या कंदांच्या बाबतीत तेवढंही समाधान नाही. कंबर मोडेस्तोवर खणायचं, कंद आत ठेवायचे, माती सारखी करायची. आणि संध्याकाळी बघायला उरते ती माती, सकाळी होती तशीच. "अहो, काही लावलंत की नुसतंच उकरलंत?" या प्रश्नावर बोट दाखवायला जागा नसते.

मुहूर्त पुन्हा पानगळीचा. झाडं निजायच्या तयारीत, आणि आपण गुडघे टेकून लागवडीला. ट्यूलिपला तर माती चांगली थंडावलेली लागते, उबदार ओलीत रोग धरायची भीती. म्हणजे हवा छान असताना घरात बसायचं आणि बोटं वाकेनाशी झाली की बाहेर पडायचं. पुढे साधारण १२ ते १६ आठवडे गारठ्यात काढल्याशिवाय ट्यूलिपचा दांडा धड वाढत नाही. गंमत म्हणजे फूल आत तयारच असतं. लावायच्या वेळी कंद उभा चिरला तर इवलीशी कळी दिसते. सगळी तयारी होऊनही घराबाहेर न पडणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान तासाभरात निघतात.

खोलीचा नियम वाचायला सोपा आहे: कंदाच्या उंचीच्या तिप्पट. क्रोकसला ८-१० सेंटीमीटर, ट्यूलिपला १५ ते २०. माती मात्र दहापर्यंतच साथ देते, पुढे दगड लागतात. माझं निरीक्षण असं की दिवस कलू लागला की कंदांची उंची आपोआप कमी होत जाते.

शेंडा वर ठेवायचा, हेही ट्यूलिपपुरतं ठीक. अ‍ॅनिमोनीचा कंद हातात घेऊन कुठूनही न्याहाळा, डोकं कुठलं आणि बूड कुठलं याचा पत्ता लागत नाही. जाणकार सांगतात, आडवा ठेवा, तो बघून घेईल. सबंध प्रकरणातला एवढाच सल्ला माझ्या स्वभावाला मानवतो.

१६३७ सालच्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपचे भाव कोसळले, त्याआधी लोक जमिनीत पुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कंदांचे सौदे करत होते. जग त्यांना हसतं. मला हसू येत नाही. त्यांनी निदान खणलं तरी नव्हतं.

आणि खार! या कामात खारीचा वाटा बराच मोठा असतो. भुसभुशीत माती दिसली की ती हजर. डॅफोडिल विषारी म्हणून त्याला तोंड लावत नाही, पण ट्यूलिप आणि क्रोकस तिच्या खास आवडीचे. वर तारेची जाळी अंथरावी लागते, आणि बाग तुरुंगासारखी दिसू लागते. शिवाय उकरलेलं सगळं ती खातेच असं नाही. काही भलतीकडेच पुरून विसरते. वसंतात कुंपणापलीकडे क्रोकस उगवतात, आणि शेजारी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप आले!"