चक्कर म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे

गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी काकीच्या फोनवर तो मेसेज आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. ‘सणात साचलेलं विष काढा, गेलेली शक्ती परत मिळवा’ असं वर लिहिलेलं, आणि खाली पाच सूचना. तीन दिवस अन्न बंद, फक्त कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस) आणि लिंबूपाणी. तीन दिवसांत चार किलो वजन उतरेल. चहा सोडा. जागरणाची चिंता नको, झोप एका रविवारी भरून निघते. आणि शेवटची: घाम फुटला, हात थरथरले, चक्कर आली तर घाबरू नका, ते विष बाहेर पडतंय, उपाय मध्येच थांबवू नका.

शेवटच्या सूचनेचं आधी बोलतो, कारण तिच्यापायी काकी जीवावरच्या दुखण्यातून उठली.

काकी ६२ वर्षांची. गेली नऊ वर्षं तिला साखर आहे आणि रोज सकाळी न्याहारीच्या आधी ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते. मेसेजात गोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. म्हणून तिने गोळी चालू ठेवली आणि जेवण बंद केलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी भजनाचे टाळ परत द्यायला गेलो, तर ती पडवीत खांबाला टेकून बसलेली. अंग घामाने निथळत होतं, जीभ जड झाली होती. मी हात धरला तर म्हणाली, “काय नाय रे, विष भायर पडता.” घरातल्या मशीनवर साखर आली ४८. ७० च्या खाली गेली की ती धोक्याची धरतात.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर खाली जात राहते. मग घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी; त्याच्याही पुढे बरळणं, झटके, बेशुद्धी. शरीर मदतीसाठी ओरडत असतं आणि हा मेसेज सांगतो की ऐकू नका, चांगली खूण आहे. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याने साखरेच्या माणसाला वाचवणारा शरीराचा इशाराच काढून घेतला. मला याचा राग आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

असं कुणाला झालं आणि माणूस शुद्धीत असेल, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग जेवायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. या गोळीचा अंमल तासन्‌तास राहतो, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. काकीला आम्ही संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवलं होतं.

‘विष बाहेर पडतंय’ हा समज आपल्याकडे आणखी एका कारणाने घातक आहे. भाद्रपदात शेतात पाणी असतं, लोक अनवाणी चिखलात उतरतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा ताप पसरतो. सणानंतर ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे अशी तक्रार असेल तर ती थकव्यावर ढकलू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. लेप्टोवर औषध आहे, ते वेळेत मिळायला हवं.

मुळात हे विष कोणतं, ते मेसेजात कुठेच नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी होऊन जातं. मोदक खाल्ले म्हणून ते काम बंद पडत नाही.

मग थकवा येतो कुठून? काकीचाच हिशेब करू. गणपतीच्या आधी आठवडाभर साफसफाई आणि करंज्या. मग सात दिवस घरात चौदा माणसं. पहाटे चारला उठून नारळ कातायचे, उकड काढायची, नैवेद्य, पंगत. रात्री भजनाला येणाऱ्या प्रत्येकाला काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. भांडी घासून पाठ टेकायला दोन वाजणार. दोन आठवडे ही बाई धड झोपलेली नाही.

२००३ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. ४८ निरोगी, तरुण माणसं घेतली. काहींना १४ दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिलं, काहींना चारच. सहा तासवाल्यांचीही लक्ष देण्याची, लक्षात ठेवण्याची क्षमता शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली होती. आणि आपण इतके घसरलोय, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. ही तरुण, निरोगी माणसं, तीही कामाचा बोजा नसताना. आणि इथे ६२ वर्षांच्या बाईला सांगतात की रविवारी झोप, भरून निघेल. तिला हवी होती ओळीने बऱ्याच रात्रींची पुरेशी झोप आणि तोवर चूल सांभाळणारं दुसरं कोणीतरी. चाकरमानी गाडीत बसून परत गेले आणि वाळत घालायच्या चादरी तिच्या गळ्यात पडल्या. पुढे भातकापणी आहेच. अशा बाईला उपाशी राहायला सांगणं हा अन्याय आहे.

आगळाचं सांगतो. कोकम मलाही प्रिय आहे, आणि तळण-गोडाच्या आठवड्यानंतर हलकं खावं हे मेसेजातलं म्हणणं मला मान्य करावं लागतं. पण आगळात टिकण्यासाठी भरपूर मीठ घातलेलं असतं. दिवसाला पाच-सहा पेले प्यायचे म्हणजे रक्तदाबाच्या माणसाच्या पोटात मीठच लोटायचं. हलकंच खायचं तर उकड्या तांदळाची पेज आणि मुगाची उसळ आहे की! शेकडो वर्षं आजाऱ्याला आपण तेच देत आलो.

वजन? उपाशी राहिलं की यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर संपत जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी निघून जातं. काटा खाली जातो तो बराचसा त्यामुळे. जेवलात की परत येतं. चहा संध्याकाळचा टाळला तर झोपेला बरं, एवढंच. एकदम सोडला तर डोकं दुखतं.

काकी आता बरी आहे. दवाखान्यातून आल्यावर तिने पहिलं काम केलं ते फोन हातात घेण्याचं. तिने तो मेसेज स्वतः वाडीतल्या अकरा बायकांना पाठवला होता. त्यातल्या तिघींना साखर आहे. दोघींशी काल रात्रीच बोलणं झालं. तिसरीचा फोन लागत नाही, म्हणून मी आता तिच्या घरी निघालोय.