मुंबईची हवा सुधारू पाहणाऱ्या नव्या समन्वय अधिकाऱ्यास

अभिनंदन! मुंबईच्या हवेसाठी सगळ्या सरकारी यंत्रणांना एकत्र आणण्याचं काम आता तुमच्याकडे आलं आहे. मुळीच घाबरू नका. हवा बिघडली तर ती सगळ्यांची असते आणि सुधारली तर तुमची, हे या खुर्चीचं मोठं सुख.

पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून टाका : 'सदर बाब या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाही.' हे वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते टिकून आहे. राडारोडा भरलेला एखादा डंपर बघा. तो निघाला त्या बांधकामाची परवानगी महापालिकेची, पण झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत असेल तर एसआरएची. मागून काळा धूर सोडतोय, म्हणजे पीयूसी, म्हणजे आरटीओ. वर ताडपत्री नाही? वाहतूक पोलिसांना विचारा. ज्या खणलेल्या रस्त्यावरून तो धूळ उडवत जातो तिथे मेट्रोचं काम, तेव्हा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए. शेजारच्या आरएमसी प्लांटची, म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्याची, सिमेंटची भुकटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात. आणि डंपरने ऐरोलीचा पूल ओलांडला की तुमची जबाबदारी संपली, पुढे नवी मुंबई महापालिका समर्थ आहे. या सर्वांना 'उचित कार्यवाहीसाठी' पत्र धाडा आणि प्रत्येक पत्राची प्रत बाकीच्यांना 'माहितीस्तव' द्या. समन्वय म्हणतात तो हाच.

बैठक बोलावलीत तर जरा मोठं सभागृह घ्या. महानगर प्रदेशात महापालिकाच ९ आहेत. हवेला मात्र वाशी खाडी पुलावर अडवून 'तुम्ही कोणत्या हद्दीतल्या?' असं विचारता येत नाही, त्यामुळे कुणीतरी 'हे प्रदूषण शेजारून येतं' म्हणणारच. तसं इतिवृत्तात नोंदवून घ्या. शेजारीही त्यांच्या इतिवृत्तात तेच लिहितील. माहुलच्या रिफायनऱ्या आणि बंदर हे विषय शक्यतो चहा आल्यावर काढावेत. ते केंद्राचं प्रकरण, आणि चहा थंड होण्याआधी तिकडून उत्तर येत नाही.

नियमांची चिंता नको, ते तयार आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने मार्गदर्शक तत्त्वं काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे लावा, पाणी फवारा, डंपरची चाकं धुऊनच त्याला बाहेर सोडा. त्याच महिनाअखेर उच्च न्यायालयाला स्वतःहून या विषयाची दखल घ्यावी लागली, तो भाग सोडा. पत्र्यांचा गुण असा की आत काय चाललंय ते तपासणी पथकालाही दिसत नाही.

कारवाई दाखवणं भागच पडलं तर बेकरीवाल्यापासून सुरुवात करा. लाकडाचा धूर वाईटच, यात वाद नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानेच सहा महिन्यांत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितलं होतं. पण तुमच्या दृष्टीने बेकरीवाल्याचं खरं मोल वेगळं आहे. त्याचं कार्यक्षेत्र स्पष्ट असतं : चार भिंती आणि एक भट्टी. त्याला 'हे दुसऱ्या खात्याचं' म्हणून नोटीस पुढे ढकलता येत नाही. अख्ख्या शहरात तेवढा एकच माणूस सापडतो.

न्यायालयात उत्तर द्यायची वेळ आली तर कारण जितकं दूरचं तितकं बरं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारच्या बाजूने थेट इथिओपियातल्या ज्वालामुखीच्या राखेचा हवाला देण्यात आला होता. हवा त्या स्फोटाआधीपासूनच खराब होती, याची आठवण न्यायालयाने करून दिली. म्हणून पुढच्या वेळी ज्वालामुखी निवडताना तारखा तेवढ्या जुळवून घ्या.

आता निधी. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर मोजली जाते. रक्तापर्यंत पोचणारा पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म कण, हा वाहनांच्या, कचऱ्याच्या, कारखान्यांच्या धुरातून येतो. त्याच्या मागे लागलात तर पुन्हा तीच सगळी खाती एका टेबलाभोवती बसवावी लागतील. जाड धुळीला पाण्याचा टँकर पुरतो. तेव्हा हवेत पाण्याचे तुषार उडवणारी फवारणीची तोफ घ्या. तिचं उद्‌घाटन होतं, फोटो येतो, आणि ती मंत्र्यांच्या उजव्या हाताला उभी राहते.

शेवटी वेळापत्रक, आणि हे फार महत्त्वाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा मंदावतो, हवा खाली साचते, लोक खोकतात. या दिवसांत फक्त समित्या नेमाव्यात. इतिवृत्त मार्चमध्ये कायम करावं, कृती आराखडा मे महिन्यात मागवावा. जूनमध्ये पाऊस धुवाधार काम सुरू करतो, तोही कुठल्याही खात्याच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय. मग जुलैमध्ये अनुपालन अहवाल पाठवा, सोबत त्याच महिन्याचा हवा निर्देशांक जोडा. फोटो जोडणार असाल तर कुणाच्या हातात छत्री दिसत नाही ना, एवढं बघून घ्या.