आठवडा बारा दिवसांचा

बारा. सलग बारा दिवस. आणि वर तो टाइम ऑफिसमधला पोरगा मलाच म्हणतो, "काका, तुमच्या दोन्ही सुट्ट्या लागल्यात की."

काल पाळी सुटल्यावर गेलो त्याच्यासमोर. म्हटलं, बाबा रे, मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून आजच्या शुक्रवारपर्यंत बोटांवर मोज. त्यानं मोजलं नाही. ड्रॉवरमधून हिरवा हायलायटर काढला, टोपण दातानं उघडलं आणि छापील चार्टवर वरच्या ओळीतला रविवार रंगवला. मग खालच्या ओळीतला, पार उजवीकडचा शनिवार रंगवला. अगदी रेघेबाहेर न जाता, शाळेत चित्रकलेला असावा तसा. "आठवडा म्हणजे रविवार ते शनिवार. या ओळीत एक सुट्टी, त्या ओळीत एक. बसलं ना?"

बसलं की! चौकटीत बसलं. एका आठवड्याची सुट्टी पहिल्या दिवशी, दुसऱ्याची शेवटच्या दिवशी, आणि मधले बारा दिवस माणूस मशीनवर उभा. त्या बारा दिवसांना रंगच नाही.

ओटीचं, म्हणजे जादा तासांच्या डबल पगाराचं, विचारलं तर तोही हिशोब तयार. सहा दिवस आठ तास, झाले ४८. ओळ बदलली की पुन्हा शून्यापासून ४८. शहाण्णव तास राबलो आणि डबलचा एक तास नाही! म्हणजे शनिवारी रात्री बारा वाजले की माझी कंबरही शून्यावर यायला हवी. येत नाही. तिला एक्सेल कळत नाही.

आपणही घरून तयारी करून गेलो होतो. कारखाने अधिनियम, १९४८, पिवळं पडलेलं पुस्तक, पाठीला सेलोटेप. त्यात आठवड्याची व्याख्या आहे: शनिवारच्या मध्यरात्रीपासून सात दिवस, किंवा त्या भागासाठी मुख्य निरीक्षकांनी लेखी मंजूर केलेल्या दुसऱ्या रात्रीपासून. इथवर पोरगं बरोबर, मेलं. पण पुढे ५२ वं कलम आहे ना! रविवारची सुट्टी हलवायची तर आधीच्या नाहीतर नंतरच्या तीन दिवसांत हलवा, आणि काही झालं तरी अख्ख्या दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांच्या वर कुणाला राबवू नका. ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तर म्हणतो, "काका, तो जुना कायदा. आता कोड आलाय." यांना कोड कधी येतो तेही ठरलेलं. कॅन्टीनच्या चहात पाणी वाढतं तेव्हा कुठलाच कोड येत नाही. बरं, त्या कोडात, म्हणजे कामगार कायद्यांच्या नव्या संहितेत, २६ वं कलम काय म्हणतं? एका आठवड्यात सहा दिवसांहून जास्त काम नको. म्हणजे फिरून आठवडाच! आणि आठवड्याचा हायलायटर याच्या हातात.

आता रंगवलेल्या त्या रविवारचं ऐका. शनिवारी माझी तिसरी पाळी. रविवारी सकाळी सातला गेटबाहेर पडलो, डोळ्यांत वाळू. घरी येऊन आडवा झालो तो चारला उठलो. सोमवारी सकाळी सातला पुन्हा पंच. ही माझी 'साप्ताहिक सुट्टी'. याच्यावर तर टेबलच वाजवणार होतो. पुस्तक चाळलं, ५७ वं कलम सापडलं. रात्रपाळीवाल्याची सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासून सलग चोवीस तास. सात ते सात. मिनिटाचा फरक नाही. पुस्तक मिटलं. ते पान त्याला दाखवलं नाही, तेवढी अक्कल आहे.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून सभा घेत होते, अर्ज करत होते, तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवार मिळाला. आणि आमच्याकडे त्याच रविवारी सकाळी साडेसहाला एचआरचा गुलाबाच्या फुलाचा 'शुभ रविवार' येतो. ग्रुप सोडता येत नाही, रोस्टर तिथेच टाकतात. सुट्टीच्या दिवशी राबवतात, बदल्यात सी-ऑफ, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी, घ्या म्हणतात, मागायला गेलं की 'काका, तो लॅप्स झाला'. माझा अंगठा घासून गेलाय, हजेरीचं मशीन घेत नाही, की अर्धा दिवस कापला. त्या अंगठ्यावर कुणाचं उत्पादन उभं आहे रे?

मराठीत आठवडा म्हणायचं आणि त्यात आठ धरायचे, पंधरवड्याचे पंधरा धरायचे. आपलं मोजणंच पहिल्यापासून ढिलं. त्याचा फायदा कुणीतरी घेणारच.

घरी हे सगळं हातवारे करून सांगितलं. ही कणीक मळत होती. म्हणाली, "आणि दिवाळीआधी डबलसाठी स्वतःहून सोळा दिवस गेलात, तेव्हा कुठलं कलम होतं?" मी म्हटलं, ते वेगळं. "कसं वेगळं?" पोळीचा तवा तापला म्हणून विषय सुटला.

आज शनिवार. हिरवा शनिवार. साडेपाचला गजर न लावता जाग आली. दाढी केली, युनिफॉर्म चढवला, कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली, थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून यादी पाहिली, मग मला पाहिलं.

"काका, आज तुमचं नाव नाहीये."