चर कोण खणू देतो? आमदारांवरच्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं की ग्रामीण आमदारांनी ब्रॉडबँड आणि वीजबचतीच्या गप्पा मारू नयेत. इंटरनेट केंद्राचा विषय, गावाला मोबाईलचं नेट पुरतं, एलईडी दिवे ठेकेदाराचं पोट भरायला, आणि अधिवेशनातले प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा. डोंबिवली ते परळ प्रवासात तो चारदा वाचला. मी कुणा आमदाराचा वकील नाही, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे.

केंद्राचा विषय, हे खरं. दूरसंचार संघसूचीत येतो. गावोगावी फायबर केबलने इंटरनेट नेणारी भारतनेट हीही केंद्राचीच योजना: २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये हे नाव मिळालं, लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. पण फायबर जातं जमिनीतून, आणि रस्ता असतो सार्वजनिक बांधकाम विभागाचा नाहीतर जिल्हा परिषदेचा. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. आपल्या गल्लीत केबलसाठी चर खणायचा तर आधी पालिकेची परवानगी लागते, चर बुजवायचे पैसे भरावे लागतात. गावाकडे तेच, फक्त दार वेगळं. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली, तर ती कुणी जोडायची यावर दोन खाती महिनोन्‌महिने एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं काम महाराष्ट्राने महानेट या नावाने स्वतःच अंगावर घेतलं. मग आमदाराने नाही विचारायचं तर कुणी?

मोबाईलचं नेट पुरतं म्हणणाऱ्यांनी गणपतीतलं आठवावं. सगळे चाकरमानी गावात उतरले की टॉवर तोच, वाटेकरी दसपट. आरतीचा व्हिडिओ पाठवायला आपणच माळावर जातो.

आता एलईडी. इथे मेसेजवाल्याने भरदुपारी जळणाऱ्या पथदिव्याचा फोटो टाकलाय, आणि तो फोटो खरा मुद्दा आहे. जुनी ट्यूब चोकसकट साधारण ५० वॉट ओढते. तिच्या जागी २० वॉटचा एलईडी लावला आणि रात्रीचे ११ तास धरले, तर एका दिव्यामागे वर्षाला १२० युनिट वाचतात. १०० दिव्यांच्या गावात १२ हजार. पण तोच एलईडी चोवीस तास जळत राहिला तर रोज ४८० वॉट-तास खातो, आणि जुनी ट्यूब फक्त रात्री जळून ५५० खायची. म्हणजे बचत जवळजवळ संपलीच! दोष एलईडीचा नाही, न बसवलेल्या टायमरचा आहे. आमदाराला ठेक्यात टायमर आणि देखभाल का नव्हती हे विचारा, दिवे का बदलले हे नको.

बिलाचा प्रश्न किरकोळ नाही. २०२१ मध्ये थकबाकीपायी गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली आणि बिलं गावच्या कामांसाठी येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायची मुभा सरकारला द्यावी लागली. तो पैसा गावाच्या इतर कामांतूनच गेला. वीज आणि नेट वेगळे विषय आहेत असंही समजू नका. आमच्या पंचायतीतला फायबरचा डबा वीज गेली की थोड्याच वेळात मान टाकतो, कारण बॅटरी कुणी बदललेलीच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली तर लोकल थांबल्या आणि आपण वर्षभर त्याच्या गोष्टी सांगितल्या. गावाला ते रोजचंच.

राहिले प्रश्न. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन इथेच, नरिमन पॉइंटला होतं. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, लागला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते नोंदीत राहतं, आणि त्यासाठी खात्याला जिल्ह्याकडून माहिती मागवावी लागते. गोंधळात कामकाज वाया जातं ही तक्रार मात्र मला मान्य.

पावसाळी अधिवेशनाआधी आमदारांना द्यायला मी यादी करतोय: केबल कुठल्या रस्त्यावर तुटली, कधीपासून बंद आहे, दिवसा जळणाऱ्या खांबांचे नंबर. फोटो काढणाऱ्याने त्या खांबाचा नंबर तेवढा कळवावा.