लेकराच्या जिभेला वेखंड लावण्याआधी हे वाचा

‘लेकरू लवकर बोलण्याचे पाच उपाय’ हा मेसेज महिनाभर फिरतोय. काल तो शेजारच्या पोरीला तिच्या सासूबाईंकडून आला आणि आज त्यांच्या घरात सहाण निघाली. बाळ नऊ महिन्यांचं आहे, म्हणून गप्प बसवत नाही. उपाय असे: सहाव्या महिन्यापासून मधात वेखंड उगाळून चाटवा, चुकीचा शब्द आला की टोका आणि दहादा म्हणवून घ्या, मोबाईलवर बडबडगीतं लावा, घरात एकच भाषा बोला, मुलगा असेल तर तीन वर्षं बिनघोर थांबा.

आधी मध. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी अडते, मग दूध ओढायची ताकद जाते, रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते. मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. १२ महिने पूर्ण होईपर्यंत बोटभरही मध नको, सोन्याच्या अंगठीने चाटवलेला तर नकोच नको. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली.

आणि हे सगळं कशासाठी, तर ‘जीभ जड आहे’ म्हणून! ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या लेकराची जीभ जड नसते. ‘त’ जिभेच्या टोकाने होतो, ‘क’ला जिभेची मागची बाजू टाळूला टेकवावी लागते, ती जुळणी नंतर येते. ‘र’ तर आणखी उशिरा, कधी पाचव्या वर्षापर्यंत. तोवर ‘राम’चा ‘लाम’ होणारच.

टोकण्याचा सल्ला तर डोक्यात जातो. दोन-अडीच वर्षांचं लेकरू ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. बसलं, पडलं, हसलं, उठलं ऐकता ऐकता त्याने स्वतःच नियम शोधला, की ‘लं’ लावला की काम झालं. गंमत म्हणजे तेच लेकरू आधी ऐकीव ‘केलं’ बरोबर म्हणत असतं. नियम सापडला की चुकायला लागतं. ही चूक म्हणजे अक्कल चालल्याची खूण! दहादा घोकून घेतलं तर ते तोंड मिटून बसतं. ‘हो, तू केलंस!’ एवढं म्हणा आणि पुढे चला. म्हशीला, बकरीला ‘भूभू’ म्हणालं, तर चार पाय आणि शेपूट त्याने नेमकं हेरलंय. ‘ही म्हैस. म्हशीची शिंगं बघ केवढी!’ असं म्हणा, बास.

मोबाईलचं उत्तर २००३ च्या एका प्रयोगात आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेत सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, प्रत्येकी १२ बैठका. काहींसमोर माणूस बसून खेळत, वाचत बोलला. काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. टीव्हीवाली बाळं चिनी कधी न ऐकलेल्यांच्या बरोबरीत राहिली. मामाशी व्हिडिओ कॉल चालेल, तिथे समोरचा उत्तर देतो.

एक भाषा? देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड आणि उर्दू, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी. इथली लेकरं पिढ्यानपिढ्या दोन-तीन भाषांत वाढतात. दर भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी दिसतात, एवढं खरं. सगळ्या भाषांतले मिळून मोजा.

मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, हेही मान्य. पण तीन वर्षं? बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा-दादादा’ नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई पाणी’सारखे दोन शब्द जोडून नाहीत, किंवा येणारे शब्द गेले, तर मुलगा असो की मुलगी, आधी कान तपासा. मागून टाळी वाजवणं ही तपासणी नव्हे. लेकरू सावली आणि हवेच्या हालचालीनेही वळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना विचारा, ते पुढच्या तपासणीसाठी पाठवतात.