आमेन होईपर्यंत

शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा पाळणे फारसे अवघड नाही. त्यासाठी शेजारी आणि आपण यांच्यामध्ये एक बऱ्यापैकी जाड भिंत तेवढी असावी लागते. ख्रिस्ती उन्हाळी शिबिर नेमकी ही भिंत काढून टाकते. तेथे शेजारी आपल्या डोक्यावरच्या बंकवर झोपतो, आपला टॉवेल स्वतःचा समजून वापरतो आणि पहाटे आपल्या आधी जागा होऊन भक्तिगीत गुणगुणू लागतो. दर उन्हाळ्यात मी अशा एका शिबिरात गटप्रमुख म्हणून जातो. गटप्रमुख म्हणजे नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांनी भरलेल्या खोलीत राहणारा, त्यांच्या आत्म्यांची, दातांची आणि ओल्या चपलांची जबाबदारी वाहणारा आणि या सर्वांच्या मोबदल्यात एक टी-शर्ट मिळवणारा प्रौढ मनुष्य होय.

हा प्रकार मुळात सुरू कोणी केला, याचा शोध मी एका उन्हाळ्यात रागाच्या भरात घेतला. देवाच्या नावाने घर सोडून राहण्याची कल्पना फार जुनी आहे. बायबलमधील लेवीयच्या पुस्तकात इस्राएल लोकांना वर्षातून सात दिवस मांडवांत राहण्याची आज्ञाच आहे. १८०१ साली अमेरिकेत केंटकीतील केन रिज येथे हजारो माणसे गाड्या आणि तंबू घेऊन जमली आणि दिवसरात्र प्रवचने ऐकत राहिली. १८६७ साली जोसाया स्पायर्स या गृहस्थांनी वेल्समधील लॅन्डडनो येथील समुद्रकिनाऱ्यावर ‘देव प्रीती आहे’ ही अक्षरे वाळूत काढली, ती मुलांकडून सजवून घेतली आणि त्यांना गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी ती मुले झोपायला आपापल्या मुक्कामी गेली असणार, म्हणून या सर्व मंडळींमध्ये मी स्पायर्स यांना सर्वांत शहाणे समजतो. मुलांना रात्रीही ठेवून घेण्याचे धाडस वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या समनर डडली यांनी केले. १८८५ साली ते न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज लेक या तळ्याकाठी मुलांना घेऊन राहिले. ती मुले केवळ सात होती. त्या शिबिराला पुढे डडली यांचेच नाव मिळाले आणि ते आजही भरते; सात मुलांवर मला कोणी नेमले असते, तर माझ्याही नावाने काहीतरी चालू असते.

शिबिराचे गाव उन्हाळ्यापुरतेच वसते. मुले येण्यापूर्वी आम्ही कार्यकर्ते जाऊन बंद खोल्या उघडतो, वर्षभर तेथे सुखाने नांदलेल्या उंदरांची समजूत घालतो, गाद्या उन्हात टाकतो आणि नळातून तांबूस पाणी येणे थांबेपर्यंत त्याकडे विश्वासाने पाहत उभे राहतो. पुढचे काही आठवडे या गावाला स्वतःचे कायदे, स्वतःच्या दंतकथा आणि स्वतःची भांडणे असतात. ज्या माणसांना मी एरवी वर्षभरात एकदाही फोन करत नाही, त्यांना येथे पाहून माझा ऊर भरून येतो, आणि दुसऱ्याच रात्री मी त्यांना केवळ घोरण्यावरून अंधारातही ओळखू लागतो. दर आठवड्याला मुलांची नवी तुकडी येते, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने सगळे ताजे असते. आम्ही मात्र तोच विनोद, त्याच जागी, त्याच निरागस चेहऱ्याने पाचव्यांदा सांगत असतो, आणि मागे उभे असलेले सहकारी तो विनोद ओठांतल्या ओठांत आमच्याबरोबर म्हणत असतात.

बायबलमधल्याच गणना या पुस्तकात मोशेला रुप्याचे दोन कर्णे घडवायला सांगितले आहे. एक वाजला तर केवळ सरदारांनी यायचे, दोन्ही वाजले तर सगळ्या मंडळीने. इतकी सुटसुटीत पद्धत शास्त्रात लिहून ठेवलेली असताना आमच्याकडे मात्र एकच घंटा आहे आणि ती उठण्यापासून झोपण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी सारखीच वाजते. परिणामी घंटा झाली की अर्धी मुले पोहण्याच्या कपड्यांत उपासनेला येतात आणि उरलेली पवित्र शास्त्र काखोटीला मारून तळ्याकडे धावतात.

सकाळची पहिली घंटा ‘शांत वेळे’ची असते. प्रत्येकाने न्याहारीपूर्वी झाडाखाली एकटे बसून शास्त्रातील उतारा वाचायचा आणि त्यावर मनन करायचे, असा नियम आहे. मी झाडाखाली बसून डोळे मिटले की मला एलीया संदेष्टा आठवतो. तोही झुडपाखाली झोपला होता. देवदूताने त्याला जागे करून भाकर आणि पाणी दिले, ते घेऊन तो पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याबद्दल त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. आमचे शिबिरप्रमुख पुष्कळ बाबतींत देवदूतासारखे आहेत, या बाबतीत नाहीत.

जेवणाविषयी फार लिहीत नाही. रानात आकाशातून मिळणारा मान्ना खाऊन कंटाळलेल्या इस्राएलांनी मिसरातल्या काकड्या, कांदे आणि लसूण आठवून गळा काढला होता, हे मी मुलांना दरवर्षी बोधप्रद उदाहरण म्हणून सांगतो, आणि मुले दरवर्षी इस्राएलांची बाजू घेतात. जेवणानंतर भांडी घासण्याची पाळी प्रत्येक खोलीवर येते. त्या दिवशी मार्था आणि मरीया यांची गोष्ट सांगू नये हे मला अनुभवाने कळले आहे, कारण मार्था कामात गुंतली आणि मरीयेने प्रभूच्या पायाशी बसून ऐकण्याचा चांगला वाटा निवडला, एवढे ऐकताच माझ्या खोलीतील सगळी मुले हातातले ताट खाली ठेवून माझ्या पायाशी येऊन बसतात.

मुखपाठाच्या वचनांबाबतही त्यांची निवड अचूक असते. जी खोली अधिक वचने म्हणेल तिला जेवणाच्या रांगेत पहिला मान, असे जाहीर होताच सगळ्या खोल्यांतून ‘येशू रडला’ हे योहानाच्या अकराव्या अध्यायातील वचन एका सुरात ऐकू आले. त्यानंतर ते वचन स्पर्धेतून वगळण्यात आले. एका मुलाने तेव्हा, वगळलेले वचन शास्त्रातूनही वगळणार काय, असे अत्यंत गंभीरपणे विचारले.

तळ्यावर प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. शिटी वाजली की जोडीने हात धरून उभे राहायचे आणि आपली मोजणी करून घ्यायची. प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवले होते, असे मी समजावून सांगतो. आदल्या दिवशी भांडलेली दोन मुले तेव्हा एकमेकांची करंगळी तेवढी धरून, विरुद्ध दिशांना तोंडे करून उभी असतात. मोजणी मात्र बरोबर भरते.

संध्याकाळच्या प्रवचनाच्या वेळी माझी सहानुभूती नेहमी त्रोवस नगरातल्या युतुख नावाच्या तरुणाकडे जाते. प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, हा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्याला मेलेला समजून उचलले. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले आणि तो जिवंत असल्याचे सांगितले. येथवर सगळ्यांना ठाऊक असते. पुढे असे लिहिले आहे की पौल पुन्हा वर गेला, त्याने भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलणे चालू ठेवले. वक्त्यांच्या स्वभावाविषयी इतकी प्रामाणिक नोंद दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. आमचे सभागृह तळमजल्यावर आहे, ही दूरदृष्टी बांधणाऱ्यांनी दाखवली.

परंतु शिबिरात सर्वांत परिणामकारक गोष्ट प्रवचन नव्हे आणि सूचनाफलकही नव्हे. ती प्रार्थना होय, कारण प्रार्थनेच्या वेळी सर्वांचे डोळे मिटलेले असतात, तोंडे बंद असतात आणि प्रतिवाद करण्याची सोय नसते. आमचे शिबिरप्रमुख अत्यंत सौम्य प्रकृतीचे आहेत. ते कोणालाही तोंडावर बोलत नाहीत. ते देवाला सांगतात. “हे दयाळू पित्या, पाण्यासारखी मोलाची देणगी तू आम्हांला दिली आहेस, आणि तिसऱ्या खोलीबाहेरचा नळ रात्रभर गळत होता हे तू पाहिलेच आहेस.” तिसरी खोली माझी. दुपारच्या भोजनाची प्रार्थना स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी केली: “प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानते, आणि त्या नळाचा वॉशर मी गेल्या आठवड्यातच मागितला होता, याला तू साक्षी आहेस.” संध्याकाळच्या उपासनेत शिबिरप्रमुखांनी, आपल्या सेवकांना धीर धरण्याची कृपा मिळावी, अशी विनंती केली. रात्री बाईंनी धीरासोबत एक पानाही मागितला. हा पत्रव्यवहार स्वर्गामार्फत चालू असताना ती दोघे प्रत्यक्षात एकमेकांना चहा विचारत होती. तिसऱ्या दिवशी वॉशर आला, आणि साक्षीच्या, म्हणजे देवाचा अनुभव सर्वांपुढे सांगण्याच्या, वेळी दोघांनीही, प्रार्थनेचे उत्तर मिळाले, असे सांगितले.

मुले हे सगळे पाहतात. प्रार्थना करणाऱ्याला कोणीही मध्येच थांबवत नाही, हे माझ्या खोलीतल्या मुलांना लौकरच उमगले, आणि तेव्हापासून दिवे मालवण्याची वेळ त्यांच्या हाती गेली. झोपण्यापूर्वी वर्तुळात बसून प्रत्येकाने एकदोन वाक्ये प्रार्थना करावी, अशी अपेक्षा असते. पहिला मुलगा आईवडिलांसाठी प्रार्थना करतो, मग भावंडांसाठी, मग कुत्र्यासाठी, मग आधीच्या कुत्र्यासाठी, मग तो कुत्रा ज्यांच्याकडून आणला त्या काकांच्या गुडघ्यासाठी. मध्येच एक दीर्घ शांतता पसरते आणि मी आशेने एक डोळा उघडतो, तर तो दोन्ही डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत, आणखी कोण आजारी आहे याचा विचार करत असतो. मूर्तिमंत भक्तीला ‘आटप’ असे म्हणायचे कसे, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही.

दिवे गेले की प्रश्न सुरू होतात. तेही नेमके असे असतात की गटप्रमुखाला ‘उद्या बोलू’ म्हणता येऊ नये. “दादा, लाजराला प्रभूने जिवंत केले, पण तो पुढे पुन्हा मेलाच असेल ना?” मी होय म्हणालो. “मग त्याच्या बहिणींना पुन्हा रडावे लागले?” अंधारात सगळे बंक करकरले, सर्वजण उठून बसले होते. बराच वेळ चर्चा झाली, आणि पहिल्या रात्री घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडलेला मुलगा म्हणाला की दुसऱ्यांदा त्यांना रडू थोडे कमी आले असेल, कारण आता त्यांना शेवट माहीत होता. मी उपदेशकांची पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. या मुलाला मी झोपायला सांगितले, त्याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नव्हते.

शेवटच्या रात्री कॅम्पफायर होतो. एकमेकांची तोंडे पाहणार नाही असे आठवडाभर बजावलेली मुले गळ्यात गळे घालून रडतात, आणि आयोजक, हे जाणते लोक असल्याने, पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीचे कागद नेमके त्याच वेळी फिरवतात. मीही सही केली. धुरामुळे कागदावरचे बारीक अक्षर वाचता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बाहेर आले, पालक येऊन थांबले आणि निरोपाची प्रार्थना सुरू झाली. शिबिरप्रमुखांनी आठवड्याबद्दल आभार मानले, प्रवासासाठी संरक्षण मागितले आणि मग आवाज किंचित खाली आणून ते म्हणाले, “हे प्रभू, सभागृहातील टेबलावर अकरा एकेकटे मोजे, एक निळी बाटली आणि एका प्रौढ व्यक्तीचा चष्मा आहे, तो कोणाचा हे तू जाणतोस.” चष्मा माझा होता. परंतु प्रार्थना अद्याप मोज्यांवर होती, त्यानंतर गाद्या होत्या, गाद्यांनंतर स्वयंपाकघर होते, आणि आभार मानायला बाई पुढे सरकल्याची चाहूल मला मिटल्या डोळ्यांनीही लागली.